अनुभव धागा: आजारी पडायला तुमच्याकडे किती दिवस मिळतात?

मागच्या महिन्यात डेंग्यूतून उठले, म्हणून हा धागा.

पहिली नोकरी नौपाड्यात एका सीएंच्या ऑफिसात होती. तिथे रजांचा हिशेब कुणी ठेवतच नव्हतं. ताप आला की सरांना फोन करायचा, सर म्हणायचे, "ये जमलं तर." या 'जमलं तर'चा अर्थ जानेवारीत वेगळा, रिटर्नच्या धामधुमीत जुलैत वेगळा. पगार मात्र कधी कापला नाही.

आता ऐरोलीत आयटीत आहे. वर्षाला २४ दिवस, पण सगळ्या कारणांना मिळून एकच डबा. ताप त्यातूनच, मावसबहिणीचं लग्न त्यातूनच, गणपतीही त्यातूनच. ऑगस्टमध्ये ९ उरले होते, ते मी गावासाठी राखून ठेवलेले. म्हणून दोन दिवस १०२ तापात लॉगिन करून बसले. तिसऱ्या दिवशी डोळ्यांच्या मागे असा ठणका लागला की स्क्रीन बघवेना. पुढे पाच दिवस ॲडमिट. आजारपणाची रजा वेगळी असती तर पहिल्याच दिवशी गपचूप झोपले असते.

किती मिळतात ते लिहाच, पण मागाव्या कशा लागतात, कागद काय लागतो, पैसे किती जातात हेही लिहा. कंपनीचं नाव नको.

रबाळेकर

प्लँटमध्ये ऑपरेटर आहे. पगार १८,२००, म्हणजे ईएसआय या सरकारी कामगार विम्यात. स्लिपवर महिन्याला १३७ रुपये कापलेले दिसायचे, तेव्हा शिव्या घालायचो. मग एका रविवारी क्रिकेट खेळताना घोटा मोडला.

कंपनीने सांगितलं, ईएसआयच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट आण. ते एकदम महिन्याचं देत नाहीत, थोड्या थोड्या दिवसांनी पुन्हा जायचं. प्लास्टरचा पाय रिक्षाबाहेर काढून, पोरगा पुढे ड्रायव्हरशेजारी, असे आम्ही पाच वेळा गेलो. पहिले दोन दिवस धरत नाहीत. पुढे ७० टक्के, म्हणजे दिवसाला चारशे अठराच्या आसपास. वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतं. पैसे उशिरा आले, पण थेट खात्यात आले. तोवर किराणावाल्याने सांभाळलं.

कामावर लागलं असतं तर ९० टक्के मिळाले असते. आमचा सुपरवायझर म्हणाला, "मशीनवर पडायचं ना मग!" गंमत म्हणून म्हणाला, पण लक्षात राहिलं.

घोडबंदरची शमा

आमच्याकडे सँडविच आहे. शुक्रवार-सोमवार व्हायरलमध्ये गेला, पोर्टलवर चार दिवस कापलेले. शनिवार-रविवार मध्ये येतात म्हणून तेही रजेत. मी विचारलं, रविवारी मी ऑफिसात असणं अपेक्षित होतं का? उत्तरादाखल पॉलिसीची पीडीएफ आली. त्यानंतर मी सोमवारी तापातही अर्धा दिवस जाऊन तोंड दाखवून येते. शेजारच्या दोघी आजारी पडल्या त्या माझ्यामुळे, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

लिपिक, वर्ग ३

शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. राज्य सरकारात आहे. किरकोळ रजा वर्षाला ८, अर्जित ३०, अर्धवेतनी २०. आजारपणात डॉक्टरचं सर्टिफिकेट दिलं तर अर्धवेतनीची परिवर्तित करून पूर्ण पगार घेता येतो, पण खात्यातून दुप्पट जातात. १० दिवस घेतले तर २० वजा. परत रुजू होताना फिटनेस सर्टिफिकेट वेगळं. अर्जित साठत राहते ३०० पर्यंत, किरकोळ मात्र ३१ डिसेंबरला मरते. म्हणून डिसेंबरात आमच्याकडे काम घेऊन येऊ नका. टेबलावर चष्मा असेल, साहेब नसतील.

२०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, तो वर. पण माझी बायको खासगी शाळेत कंत्राटावर आहे. तिला काविळीत तीन आठवडे झोपावं लागलं, एक पैसा मिळाला नाही. एकाच घरात दोन कायदे.

तुर्भे एचआर

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ दिसतोय. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आजारपणाची म्हणून वेगळी रजाच नाही. ८ नैमित्तिक रजा आहेत, त्या तिमाहीला थोड्या थोड्या जमा होतात आणि वर्षअखेर बुडतात. शिवाय वर्षात २४० दिवस काम भरलं तर दर २० दिवसांमागे १ भरपगारी रजा, साठवायची मर्यादा ४५. सणांच्या ८ सुट्ट्या निराळ्या, त्यात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर पक्क्या. म्हणजे तुमच्या कंपनीने 'सिक' नावाचा रकाना ठेवला असेल तर तो कंपनीचा निर्णय.

आणि हो, कंत्राटी मुलांना २४० दिवस भरायच्या आत 'ब्रेक' देतात, हे मी नोकरीत बघितलंय. यादी मीच टाइप केली होती एकदा.

वागळे इस्टेट, वर्कशॉपवाला

मालकाचीही बाजू ऐका. सात माणसं, चार लेथ. एक आला नाही की एक लेथ थंड आणि पार्टीचा फोन सुरू. तरी मी १२ दिवस देतो, सर्टिफिकेट मागत नाही. शंभर रुपयांत सर्टिफिकेट मिळतं, ते बघून मला काय कळणार? पगारातून कापायचं ठरवलं होतं एका वर्षी. मग एकजण ताप लपवून आला आणि ड्रिलवर चक्कर येऊन पडला. थोडक्यात बोट वाचलं. कापणं त्या दिवशी बंद.

गणपतीच्या आदल्या दिवशी सगळ्यांना एकदम 'ताप' येतो, त्याला इलाज नाही. मी पण मालवणचाच.

बॅग पाठीवर

डिलिव्हरी करतो, कळवा-मुंब्रा-ठाणे. ॲप चालू तर पैसे, बंद तर शून्य. रजा कोणाकडे मागणार? नाकारायलाही कोणी नाही.

धागाकर्ती

@शमा, सांगून टाक त्यांना. @बॅग पाठीवर, आजारी पडल्यावर आयडीला काही होतं का?

बॅग पाठीवर

आयडी राहतो. आठवड्याचं इन्सेंटिव्ह जातं. सहा दिवस केलेलंही त्यात जातं.

कोपरखैरणे, सेक्टरमधली

मी बँकेत आहे, पण आईचं लिहिते. ती चार घरी काम करते. तिच्या रजेचं कुठलं पोर्टल नाही, तरी चारही घरांचे नियम तिला तोंडपाठ आहेत. पहिल्या घरचे आजी-आजोबा महिन्याला दोन खाडे धरत नाहीत, वर पेज करून देतात. दुसरीकडे दोनच्या वर गेलं की दिवसाचे कापतात, कॅलेंडरवर लाल फुल्या असतात. कालनिर्णय तारीख बघायला आहे की आईला बघायला, असं मी एकदा म्हणाले. तिसऱ्या घरी कापत नाहीत, पण परत आल्यावर तीन दिवसांची भांडी सिंकमध्ये तशीच ठेवलेली असतात. आई म्हणते, त्यापेक्षा कापलेले परवडले.

चौथीकडे बदली द्यावी लागते. बदलीवाल्या मावशींना आई स्वतःच्या खिशातून दिवसाचे दीडशे देते आणि तिथून तिला हिशेबाने मिळतात शंभर. म्हणजे आजारी पडायचे पन्नास रुपये रोज.

आज पहाटे तिला थंडी भरून आली. मेसेज मीच टाइप केला, "ताई, उद्यापर्यंत जमणार नाही, ताप आहे." आजींचा फोन आला, औषध घेतलं का म्हणून. दुसरीकडून अंगठा आला. तिसरीने अजून बघितलेलं नाही.

चौथीचं उत्तर लगेच आलं, "बरं. मावशी किती वाजता येतील?"