लॅमिंग्टन रोडचं कोटेशन आलंय, घरी गेमिंग पीसी जुळवायचाय. यादी तपासून द्याल का?

परळकर_७

नमस्कार मंडळी. भाच्यासाठी पीसी घरीच जुळवायचा आहे. १४४० पी मॉनिटर आधीपासून आहे. लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानातून मिळालेलं कोटेशन असं:

रायझन ५ ७५००एफ प्रोसेसर (ट्रे, म्हणजे बॉक्स पॅक नसलेला, सुटा), बी६५० मायक्रो एटीएक्स मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर५ रॅमची एकच स्टिक, आरटीएक्स ५०६० टीआय ८ जीबी ग्राफिक कार्ड, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी (कंपनी 'स्टॉकमध्ये असेल ती'), समोर काचेचं आरजीबी कॅबिनेट आणि त्यात ५५० वॅटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) 'फ्री'.

बिल नको असेल तर १८ टक्के वाचतील असंही दुकानदार म्हणाला. घर चाळीतलं, वायरिंग जुनं. दोन-चार एफपीएस (गेममध्ये सेकंदाला दिसणारी चित्रं) कमी मिळाले तरी चालतील, पण पाच वर्षं कटकट नको. यातलं काय बदलू?

बारा_व्होल्ट

या यादीत सगळ्यात महागात पडणारी वस्तू म्हणजे तो फुकटचा एसएमपीएस. रॅम बिघडली तर रॅमच जाते. एसएमपीएस जाताना बोर्ड, कार्ड, एसएसडी सोबत घेऊन जाऊ शकतो.

दुकानात त्याच्या अंगावरचं लेबल वाचा. मोठ्या अक्षरातलं '५५०' सोडून द्या. खालच्या तक्त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि १२ ने गुणा. ३० अँपिअर असतील तर हातात ३६० वॅटच येतात, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोन्ही १२ व्होल्टवरच जगतात. चांगल्या ६५० वॅटच्या एसएमपीएसवर तो आकडा ५४ च्या आसपास असतो, म्हणजे ६४८ वॅट. तक्ताच नसेल तर डबा परत ठेवा.

तुमचा हिशोब: कार्ड १८० वॅट, ७५००एफ जास्तीत जास्त ८८, बोर्ड-रॅम-एसएसडी-पंखे मिळून ५०-६०. झाले सव्वातीनशे. चांगल्या कंपनीचा ५५० पुरतो, ६५० घेतलात तर पंखा शांत राहील आणि पुढे मोठं कार्ड लावता येईल. ग्राफिक कार्ड मिलिसेकंदाहूनही कमी वेळ बरीच जास्त वीज ओढतं. स्वस्त एसएमपीएस नेमका तिथे मान टाकतो आणि ऐन गेममध्ये पीसी धाडकन बंद होतो. लोक मग कार्डाला शिव्या देतात. म्हणून एटीएक्स ३.० किंवा ३.१ चा घ्या. असे झटके पचवण्याची अट त्या मानकातच आहे.

८० प्लस ब्राँझ-गोल्डच्या स्टिकरवरून वीज किती वाया जाते एवढंच कळतं, आतला माल कसा आहे ते नाही. त्यापेक्षा वॉरंटी बघा. ५ वर्षं किमान, ७ असतील तर उत्तम. कोर्सेअरच्या आरएम-ई मालिकेला ७ वर्षं आहेत.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवाच. मॉड्युलर (केबली सुट्या निघणारा) एसएमपीएस घेतलात तर केबली त्याच्याच वापरायच्या. दुसऱ्या कंपनीची केबल एसएमपीएसच्या टोकाला नीट बसते, पण आतल्या पिनांचा क्रम वेगळा असतो. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की हार्ड डिस्क पहिल्याच सेकंदाला खलास.

पक्कं_बिल

१८ टक्के वाचत नाहीत, वॉरंटी विकली जाते. सर्व्हिस सेंटरला बिल लागतं, आणि बिलावर प्रत्येक वस्तूचा सिरीयल नंबर हवा. नुसतं 'कॉम्प्युटर पार्ट्स, १ नग' असलं बिल म्हणजे कच्चंच समजा.

ट्रे प्रोसेसर खराब नसतो, पण त्याची वॉरंटी एएमडीकडे नाही, विकणाऱ्याकडे. दुकान बंद झालं की विषय संपला. बॉक्स पॅकमधला रायझन ५ ७६०० घ्या. ३ वर्षं कंपनीची वॉरंटी, डब्यातच कूलर, आणि मुख्य म्हणजे त्यात छोटं ग्राफिक्स असतं. ७५००एफमध्ये ते नाही. उद्या कार्ड दुरुस्तीला गेलं तर ७६०० वर पीसी निदान चालू राहतो, आणि बिघाड कार्डात की बोर्डात तेही घरच्या घरी कळतं.

बोर्ड काउंटरवरच उघडायला लावा. एएम५ मध्ये (या प्रोसेसरांच्या सॉकेटमध्ये) पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, १७१८. काळं झाकण काढून मोबाईलचा टॉर्च तिरका धरा. सगळ्या पिनांची चमक एकसारखी दिसायला हवी. एखादी रांग मध्येच काळी दिसली तर पिन वाकलेली आहे. घरी आल्यावर ते सापडलं तर दोष तुमचाच धरला जातो. बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) फ्लॅशबॅकचं बटण असलेलाच बोर्ड घ्या. पुढे नवा प्रोसेसर टाकताना जुन्या बायोसमुळे डिस्प्ले आला नाही तर पेन ड्राइव्हवरून अपडेट होतो, दुकान गाठावं लागत नाही.

'स्टॉकमध्ये असेल ती' एसएसडी नको. मॉडेल लिहून घ्या आणि टीएलसी (मेमरी चिपचा टिकाऊ प्रकार) आहे का विचारा. चांगल्या १ टीबी टीएलसीला साधारण ६०० टीबीडब्ल्यू (एकूण किती टेराबाइट लिहिता येतील तो आकडा) लिहिलेलं असतं. क्यूएलसी या स्वस्त प्रकाराला बहुतेकदा बरंच कमी, आणि ती भरत आली की लिहिण्याचा वेग ढेपाळतो. घरी लावल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये 'पॉवर ऑन अवर्स' बघा. नव्या डिस्कवर दोनशे तास दिसले तर ती नवी नाही.

रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात.

कुर्ला_फास्ट

रॅमबद्दल. २०२५ च्या शेवटापासून भाव भडकलेत, तेव्हा आत्ता १६ ची एक स्टिक घेऊन दुसरी नंतर टाकली तर काय बिघडलं? बोर्डाला स्लॉट तर आहेत.

मेमटेस्ट_रात्रभर

@कुर्ला_फास्ट बिघडतं ते असं. एका स्टिकवर मेमरीची बँडविड्थ निम्मी होते, आणि फटका सरासरी एफपीएसपेक्षा खालच्या आकड्यांना बसतो. गेम अडखळतो. वर्षभराने तेच मॉडेल आणलं तरी आतल्या चिप्स वेगळ्या निघू शकतात, मग दोन्ही मिळून ६००० च्या वेगावर चालायला तयार होत नाहीत. बजेट आवळायचंच असेल तर किटचा (स्टिकच्या जोडीचा) वेग कमी घ्या, ५६०० चालेल, पण १६ च्या दोन स्टिक एकाच डब्यातल्या घ्या. चार स्टिकच्या नादी तर मुळीच लागू नका. रायझन ७००० वर चार लावल्या तर एएमडी फक्त ३६०० ची हमी देते.

परळकर, १४४० पी ला ८ जीबीचं कार्ड पाच वर्षं टिकणार नाही. मेमरी भरली की कार्ड पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून सिस्टिमची रॅम वापरायला लागतं, आणि ५०६० टीआयला तिथे ८ च लेन (डेटाच्या वाटा) आहेत. कार्डात ताकद असूनही टेक्स्चर धुरकट होतात किंवा धक्के बसतात. त्याच कार्डाची १६ जीबी आवृत्ती घ्या, नाहीतर आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी. पैसे आरजीबीतून काढा.

काचेचं कॅबिनेटही बदला. मे महिन्यात खोलीतच ३२-३३ अंश असतात, त्यात पुढून हवा नाही. समोर जाळी, पुढे १२० मिलिमीटरचे दोन पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा, बस्स. टॉवर कूलर लावणार असाल तर कॅबिनेटची कूलर-उंचीची मर्यादा बघा. एके४०० सारखा कूलर १५५ मिलिमीटर उंच आहे, अरुंद कॅबिनेटची काच त्यावर बंद होत नाही. पावसाळ्यात पीसी महिनाभर झाकून ठेवू नका. रोज थोडा वेळ चालू राहिला की आतली दमट हवा सुकते.

जाता जाता: कोणी १३व्या-१४व्या पिढीचा इंटेल आय७-आय९ सेकंडहँड सुचवला तर टाळा. व्होल्टेजच्या दोषावर २०२४ मध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरचा सॉफ्टवेअर अपडेट) आला, पण आधीच झिजलेला प्रोसेसर त्याने सुधारत नाही.

पक्कं_बिल

जुळणीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. सगळं कॅबिनेटमध्ये कोंबण्याआधी बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या डब्यावर ठेवून चालू करून बघा. प्रोसेसर, कूलर (तळाची प्लॅस्टिकची फिल्म काढून!), रॅम सॉकेटपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, २४ पिनची केबल, आणि वर कोपऱ्यात प्रोसेसरची ८ पिनची. ही ४+४ अशी फुटते, कार्डाची ६+२. जोर लावून अदलाबदल करू नका. पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडल्या की चालू.

पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळी राहील आणि बोर्डावर डीरॅमचा दिवा जळत राहील. डीडीआर५ चं ट्रेनिंग चालू असतं. दहा मिनिटं हात लावू नका. घाबरून मध्येच बंद केलं की ते पहिल्यापासून सुरू होतं.

मग बायोस अपडेट, मग एक्स्पो (रॅमला तिच्या छापील वेगावर चालवणारी सेटिंग) चालू, मग रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ चे चार पास. एकही एरर चालवून घ्यायची नाही. मॉनिटरची केबल कार्डाला लावा, बोर्डाला नाही. हसू नका, 'कार्ड चालत नाही' म्हणून येणाऱ्यांत ही चूक नेहमीची आहे.

दुकानात जुळवून घेणार असाल तर घरी नेताना कार्ड काढून वेगळ्या डब्यात ठेवा. टॅक्सी खड्ड्यात आपटली की लोंबकळणारं कार्ड स्लॉट उचकटतं. आणि संध्याकाळी सहाच्या लोकलमध्ये काचेचं कॅबिनेट, तुम्हीच विचार करा.

परळकर_७

खूप आभार. यादी बदलली: ७६०० बॉक्स, १६ च्या दोन स्टिक, १६ जीबी कार्ड, ६५० वॅट, जाळीचं कॅबिनेट. यूपीएस कोणता घेऊ? जुन्या पीसीच्या कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, म्हणून वायरमनकडून भिंतीवरच्या स्विचबोर्डावर मीटर लावून घेतला, पीसीची पिन लावलेली असताना. फेज-न्यूट्रल २३२ व्होल्ट, फेज-अर्थ ११८, न्यूट्रल-अर्थ ११४.

बारा_व्होल्ट

११८ आणि ११४ मिळून २३२. म्हणजे तुमच्या स्विचबोर्डाला अर्थिंगच नाही. एसएमपीएसच्या आत फेजपासून आणि न्यूट्रलपासून अर्थला एकेक छोटा कपॅसिटर असतो. अर्थची वायर तुटलेली असली की कॅबिनेटचा पत्रा दोघांच्या मधोमध तरंगत राहतो. मुंग्या त्याच्याच. नीट अर्थिंग असेल तर फेज-अर्थ २३० च्या जवळ आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत येतं.

वायरमन 'न्यूट्रलमधूनच अर्थ देतो' म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. मीटरवर आकडे छान दिसतील, पण जुन्या चाळीत कधी न्यूट्रल सुटला की कॅबिनेटच्या पत्र्यावर पूर्ण २३० येतात. मीटर रूममधल्या अर्थच्या पट्टीपासून हिरवी वायर, २.५ चौरस मिलिमीटर, थेट या स्विचबोर्डापर्यंत ओढून घ्या. त्या पट्टीलाच अर्थ नसेल तर तो चाळ कमिटीचा विषय, पण आधी तो सुटू दे. जुना ईएलसीबी असेल तर तोही बदलून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा.

यूपीएस त्यानंतर. ६०० व्हीए म्हणजे जेमतेम ३६० वॅट, त्यात तुमचा पीसी आणि मॉनिटर काठावर. १००० ते ११०० व्हीएचा घ्या, ६०० वॅट लिहिलेला, आणि शक्यतो प्युअर साइन वेव्ह. साध्या यूपीएसची चौकोनी लहर काही नव्या एसएमपीएसना मानवत नाही, लाइट गेली की यूपीएस बॅटरीवर जातो आणि पीसी तरीही बंद पडतो. दुकानात तुमचा पीसी लावून, गेम चालू ठेवून, यूपीएसची पिन उपसून बघा. नाही म्हणाले तर पुढच्या दुकानात जा.