पेपर वाईट गेल्यावर स्वतःला कसं सावरलंत?

अभ्यास कसा करावा यावर सगळेच बोलतात. पेपर वाईट गेल्यावर पुढचे काही तास, काही दिवस कसे काढायचे हे कुणी सांगत नाही, आणि मुलं नेमकी तिथेच एकटी पडतात. म्हणून हा धागा. शाळेची, पदवीची, नोकरीतल्या बढतीची, कुठलीही परीक्षा चालेल. ‘होईल सगळं ठीक’ हे आपण एकमेकांना नेहमीच सांगतो. इथे मात्र तुम्ही प्रत्यक्ष काय केलंत ते लिहा.

*

पेपर सुटला की दाराबाहेर मैत्रिणींचा घोळका उत्तरं ताडून बघत उभा असायचा. ‘चौथ्याचं काय आलं गं तुझं?’ रसायनशास्त्राचा पेपर वाईट गेला त्या दिवशी मी घोळक्याला वळसा घालून सरळ घरी आले. प्रश्नपत्रिका आईच्या हातात दिली आणि म्हटलं, शेवटचा पेपर होईपर्यंत मला देऊ नकोस. तिने ती कपाटात ठेवून दिली, एक शब्द विचारला नाही. जेवले आणि वेळेवर झोपले. जागरण करून भरपाई करावी असं फार वाटत होतं, पण वाचलेलं पक्कं बसायला झोप लागतेच. पुढचा पेपर बिघडला नाही तो त्यामुळे.

*

माझा आत्मविश्वास परत आला तो उत्तरपत्रिका हातात आल्यावर. आधी ती उघडवत नव्हती. मग पेन्सिल घेऊन बसले आणि गेलेल्या प्रत्येक गुणापुढे कारण लिहीत गेले: येतच नव्हतं, येत होतं पण आठवलं नाही, प्रश्न अर्धाच वाचला, वेळ पुरला नाही. ‘मला जीवशास्त्र जमतच नाही’ असं मी मनाशी धरून बसले होते. पण ‘येतच नव्हतं’ हे फार थोड्या ठिकाणी निघालं. समासात ओळीने ‘आठवलं नाही, आठवलं नाही’. रडू आलं, आणि मोकळंही वाटलं, कारण आता काय करायचं ते कळलं होतं.

मी धडे परत परत वाचायचे. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, त्यामुळे येतंय असंच वाटत राहतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली याच विषयावर प्रयोग प्रसिद्ध केले. उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानंतर मात्र उतारा बाजूला ठेवून आठवून लिहिणारे पुढे गेले. शिवाय आपल्या लक्षात राहील याची खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती. तेव्हापासून धडा झाला की पुस्तक मिटते आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहिते. सुरुवातीला जेमतेम चार ओळी यायच्या. त्या चार ओळींनी जेवढा धीर दिला तेवढा कुणाच्या समजावण्याने मिळाला नव्हता.

*

पेपर चालू असतानाच सगळं पुसल्यासारखं होतं, त्याबद्दल थोडं. ताण आला की शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक (हार्मोन) वाढतं आणि येत असलेलंही आठवेनासं होतं. हे समजल्यावर मी स्वतःला ‘ढ’ म्हणणं सोडलं. आता असं झालं की तो प्रश्न सोडतो, पेन खाली ठेवतो, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ देतो आणि हमखास येणाऱ्या प्रश्नाकडे जातो. बरेचदा सोडलेलं उत्तर मागाहून आठवतं.

*

पालक म्हणून लिहितोय. मुलगा आला, दप्तर टाकलं, म्हणाला, “बाबा, गेला पेपर.” ‘तरी सांगत होतो’ हे ओठांवर आलं होतं, ते गिळलं. विचारलं, “आत्ता बोलायचंय की नंतर?” “नंतर.” रात्री तो आपणहून शेजारी येऊन बसला आणि सगळं बोलला. मी मध्ये बोललो नाही. पालकांनो, त्या पहिल्या तासात तोडगे सुचवू नका. मुलाला तेव्हा एवढंच बघायचं असतं की आपल्याकडे बघणारे डोळे बदललेत का.

*

नोकरी सांभाळून परीक्षा देते. नापास झाल्यावर लोकांच्या विचारण्याची धास्ती जास्त. उत्तर ठरवून टाकलं: “नाही झाले. पुन्हा बसतेय.” यापुढे सहसा कुणी विचारत नाही.

*

माझं वरच्या उपायांनी भागलं नाही. झोप उडाली, जेवण जाईना, जगण्यात अर्थ नाही असं वाटू लागलं. मोठ्या बहिणीला सांगितलं, ती त्याच दिवशी डॉक्टरांकडे घेऊन गेली. असं कुणाला वाटत असेल तर आजच जवळच्या माणसाला सांगा, निकालापर्यंत थांबू नका.

*

फेरपरीक्षेआधी मी भीती कागदावर उतरवली. रामिरेझ आणि बायलॉक या मानसशास्त्रज्ञांचा २०११ चा अभ्यास वाचला होता: परीक्षेच्या अगदी आधी १० मिनिटं मनातली काळजी लिहून काढल्यावर, एरवी फार घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांची कामगिरी सुधारली. मी लिहिलं, ‘मागच्यासारखं झालं तर?’ मग मागच्या वेळी काय झालं होतं तेही लिहीत गेले, तर घोळ सगळा वेळेचा होता. प्रत्येक विभागाला किती मिनिटं द्यायची ते तिथेच ठरवलं आणि आत गेले. निकाल अजून लागायचाय, पण या वेळी शेवटचा प्रश्न लिहून झाला.