मदत हवी आहे: वाकलेली चावी, चावीच्या नंबरचा बिल्ला हरवलेला (मालवण)

हँडल लॉक उघडताना मोटारसायकलची मूळ चावी मानेपाशी वाकली. व्हाइसमध्ये दाबून सरळ होईल, पण एकाच जागी पुन्हा वाकवलं की धातूला तडा जातो आणि तुकडा लॉकमध्येच अडकतो. नंबरवरून नवी चावी कापता येणार नाही, म्हणून ही फक्त नमुन्यासाठी ठेवायची आहे. चावी साधी, चिप नाही. झिजलेल्या चावीची नक्कल झीजही उतरवते. तेव्हा कमी झिजलेली बाजू धरून मशीनवर दात कापणारा कुणी कुडाळ-कणकवलीकडे आहे का? फाइलने घासून देणारे नकोत.

खाऱ्या हवेने लॉकही जड झालंय. तेलावर धूळ चिकटते, त्यामुळे ग्रॅफाइट पावडरच टाकणार. तरी लॉकच्या आतल्या पातळ पट्ट्या अडकल्या, तर? नुसतं इग्निशन लॉक बदललं की टाकीच्या झाकणाला चावी वेगळी; पूर्ण लॉकसेटच घ्यावा का?