मोबदला आला, आई निवांत झाली. बाबांचं काय करू?

सोयाबीनवाली:
नमस्कार मंडळी. आमचं गाव मेहकर तालुक्यात. समृद्धी महामार्गात आमची सगळी जमीन गेली, साडेतीन एकर. मोबदला चोख मिळाला, त्याबद्दल तक्रार नाही. कृषी केंद्राची उधारी फिटली, घरावर स्लॅब पडला, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, भावाने चारचाकी घेतली (ती बहुतेक वेळ ताडपत्रीखालीच असते). उरलेले थोडे बँकेत, बाकी पतसंस्थेत.

एकाच पैशाने घरातली दोन माणसं दोन टोकांना गेली. मृग जवळ आला की आईच्या पोटात गोळा यायचा. बियाणं कोणाच्या ओळखीवर आणायचं, दुबार पेरणी आली तर काय विकायचं. आता त्याच दिवसांत ती निवांत लोणचं घालते. बाबा मात्र पहाटे चारला उठतात आणि पुढे काय करायचं ते त्यांना सुचत नाही. बैलजोडी विकली तरी गोठा रोज झाडतात. पारावर गेलं की कोणीतरी उसने मागतं, म्हणून तिकडे जाणंही सोडलं.

त्यांना आता दोन एकर विकत घ्यायची आहे. आई म्हणते, "पुन्हा निंदायला मी येणार नाही, आधीच सांगून ठेवते." भाऊ ठेव मोडायला तयार नाही. मी पुण्यात बसून फोनवर तिघांचं ऐकते. पैसा असून बाबा सुखी का नाहीत? आणि जमीन घेतली तर होतील का?

आकडेमोड:
ताई, अमेरिकेत या प्रश्नावर बरीच डोकेफोड झालीय. वर्षाला साधारण ७५,००० डॉलर कमाईच्या पुढे रोजचा आनंद वाढत नाही, असं डॅनियल कानेमान आणि अँगस डीटन या संशोधकांनी २०१० मध्ये मांडलं. २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्सवर्थ या दुसऱ्या संशोधकाने दाखवलं की वाढतच राहतो. मग कानेमान आणि किलिंग्सवर्थ एकत्र बसले. २०२३ चा त्यांचा निष्कर्ष असा: बहुतेकांचा आनंद वाढतोच, पण जे मुळात सर्वांत दुःखी असतात त्यांचा एका मर्यादेनंतर थांबतो.

तुमच्या आईची काळजी पैशाचीच होती, ती मिटली. बाबांचं गेलंय ते काम. पण पहाटेची जाग आणि माणसं टाळणं लांबलं, तर रिकामपण म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबरही आहे, मराठीत बोलता येतं.

सिन्नरकर:
डॉलरचं राहू द्या. आमच्याकडूनही समृद्धी गेलाय, हे घरोघरी पाहिलंय. लगेच खरेदीखत करू नका. आधी एक वर्ष मक्त्याने करू द्या. हौस फिटली तर फिटली, नाही तर पुढच्या वर्षी घ्या. आपल्याकडे शेतजमीन घ्यायला घेणारा शेतकरी असावा लागतो, तेव्हा जुना सातबारा नीट ठेवा आणि तहसीलला आधी विचारा.

दुसरं, पतसंस्थेतले काढा. बँकेत माणशी पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं कवच असतं, पतसंस्थेला ते नाही. बाबा साठीच्या पुढे असतील तर पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तीस लाखांपर्यंत ठेवता येतात, व्याज दर तिमाहीला. उसने मागणाऱ्याला "पोस्टात अडकलेत" हे खरं उत्तर देता येतं. मग पारावर जायला अडचण कसली?

खुरपं:
सगळे बाबांचंच बघताय. सातबाऱ्यावर आईचं नाव होतं का? मोबदला कोणाच्या खात्यात आला? ती बाई जन्मभर निंदत होती. जमीन घ्याल तेव्हा तिच्याही नावावर घ्या, आणि मजुरीचे पैसे आधी बाजूला काढा.

सोयाबीनवाली:
खुरपं ताई, नाव नव्हतं. काल आईला विचारलं तर हसली आणि म्हणाली, "माझ्या नावावर घेतली तर मग मी सांगेन ते पेरायचं." बाबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, नाही म्हणाले नाहीत.

पतसंस्थेचं भावाला पटलंय, या आठवड्यात जातोय. मक्त्याची एक जमीन बाबा बघून आले. विहिरीचं पाणी खारट निघालं म्हणून नको म्हणाले, पण त्या विहिरीबद्दल रात्री जेवताना खूप बोलले. मेहकर-लोणार पट्ट्यात गोड्या पाण्याची, मक्त्याने मिळणारी दोन एकर कोणाच्या माहितीत असेल तर इथेच कळवा.