मातीच्या मेंढीची लोकर जमतच नाही, काय करू?

माती_मळणारा
काल तिसरी मेंढी मोडली. फूटभर लांब, आत तारेचा सांगाडा, वर माती. तोंड जमतं, कान जमतात, पायही खपून जातात. लोकरीपाशी आलं की गाडं अडतं. पहिलीला एकेक कुरळा वळून चिकटवला, तर शेवयांचा ढीग झाला. दुसरी ब्रशने टोचून काढली. बायको म्हणाली, "ढग छान झालाय." तिसरी गुळगुळीत ठेवली, तर म्हणाली, "डुक्कर का केलंस?" लोकर नक्की करतात कशी?

छिन्नी
दादा, आधी मेंढी कातरा! म्हणजे लोकर नसलेलीच करा. कणा, बरगड्या, मांड्या, खुब्याचं हाड. कातरलेली मेंढी पाहिली असेल तर आठवा, एकदम हडकुळी आणि लांब मानेची दिसते. इंग्रज शिल्पकार हेन्री मूरलाही मेंढ्या आधी नुसते लोकरीचे गोळेच वाटायच्या. 1972 मध्ये प्रदर्शनाच्या बांधाबांधीला कंटाळून तो छोट्या स्टुडिओत जाऊन बसला आणि खिडकीतून त्यांची चित्रं काढू लागला. काचेवर टकटक केली की त्या थबकून बघायच्या, तेवढ्यात याचं काम व्हायचं. रोज बघता बघता त्याला लोकरीखालचं अंग दिसू लागलं.

लोकरवेडी
मी नमदा, म्हणजे लोकर दाबून केलेलं जाड कापड, करते, म्हणून लोकरीच्या बाजूने बोलते. लोकर कापसासारखी सुटी नसते. तंतू एकमेकांना धरून बटा होतात, वर मेणचटपणा असतो. मेरिनो जातीची मेंढी वळली की मानेशी, खांद्याशी लोकर भेगाळते आणि आतला पांढरा भाग दिसतो. त्या भेगा दाखवा, केस मोजत बसू नका.
आणि हो, ही एवढी लोकर माणसाचीच करणी. रानमेंढीची आपोआप झडते, मेरिनोची वाढतच राहते. न्यूझीलंडमधला श्रेक नावाचा मेंढा सहा वर्षं गुहांमध्ये लपून राहिला होता. 2004 मध्ये सापडला तेव्हा अंगावरून 27 किलो लोकर उतरली. बिचाऱ्याला डोळ्यांपुढचं तरी दिसत होतं का कोण जाणे.

उगाच_शंका
एवढा खटाटोप कशाला? खरी लोकरच चिकटवा. फ्रेंच शिल्पकार फ्रान्स्वा-झाव्हिये लालान यांनी 1965 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात खऱ्या लोकरीच्या मेंढ्यांचा कळपच मांडला होता. वर बसताही यायचं!

लोकरवेडी
चिकटवा, पण कसर लागली की सहा महिन्यांत मेंढीला टक्कल पडेल. शिवाय ओल्या मातीवर तर नकोच.

माती_मळणारा
चौथी झाली, कातरलेली. छिन्नीदादा, तुमचं खरं निघालं. खुब्याचं हाड बसल्यावर पाठ आपोआप सुचली. आता वरून चपट्या बटा चढवतोय, मानेशी दोन भेगाही पाडल्यात. बायकोने दारातूनच विचारलं, "मेंढी आजारी आहे का?"
"मेंढी" म्हणाली, बरं का!