गोल्ड रश शिकवायचाय, पण पोरांच्या हातात काय द्यायचं?

रंकाळाकाठ:
नमस्कार मंडळी, मी कोल्हापुरात आठवीला इतिहास शिकवते, शनिवारी पुस्तकाबाहेरचं काहीतरी घेते. यंदा अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाचा गोल्ड रश, म्हणजे सोन्यासाठी उडालेली झुंबड, आणि गाड्या जुंपून पश्चिमेकडं निघालेली माणसं असा विषय घेतलाय. २४ जानेवारी १८४८, कोलोमा, सटरच्या लाकूड कापायच्या गिरणीच्या पाटात जेम्स मार्शलला सोनं दिसलं, १८५५ पर्यंत ३ लाखांच्या आसपास माणसं तिकडं पोचली, सगळं फळ्यावर लिहून दिलं, पोरांनी उतरवून घेतलं, आणि शेवटी एकानं विचारलं, बाई मग ते सगळे श्रीमंत झाले ना? माझं चुकलं कुठं ते तिथंच कळलं मला. हीच पोरं टाऊन हॉल म्युझियममध्ये ब्रह्मपुरीत सापडलेल्या त्या पोसायडनच्या छोट्या मूर्तीपुढनं हलायला तयार नव्हती, हा समुद्रदेव पंचगंगेकाठी आला कसा यावर भांडत होती. वस्तू समोर असली की पोरं आपोआप विचारतात. पण अमेरिकेतली वस्तू इथं आणू कुठनं?

गुजरीकर:
बाई, त्यासाठी अमेरिका कशाला, गुजरीत या की. आमच्या घरात तीन पिढ्या सोन्याचं काम आहे, दुकानातला केर आम्ही टाकत नाही, केरातलं सोनं काढणारा झारेकरी घेऊन जातो. तो केर पाण्यात कालवून पसरट भांड्यात गोल फिरवत राहतो, हलकं असेल ते काठावरनं वाहून जातं, जड ते तळाला बसतं. कॅलिफोर्नियातल्या नदीत खाणवाले पॅन घेऊन हेच करत होते, आणि आपल्या घरात तांदूळ रोळताना खडे मागं राहतात तेही हेच. सोनं पाण्याच्या १९ पट जड, वाळू अडीच पटीच्या थोडी वर, सगळा खेळ एवढ्यावर. लहानपणी मी उकिडवा बसून बघायचो, शेवटचं घोटभर पाणी राहिलं की काळ्या गाळाच्या टोकाला पिवळी रेघ उमटायची, ती बारीक असली तरी लई लखलखीत दिसायची.
वर्गात करायचं तर उद्यमनगरातनं पितळेचा बारीक चुरा मिळेल, तो वाळूत मिसळा. पितळ सोन्याच्या निम्मंही जड नाही, त्यामुळं घाई केली की वाहून जाणारच, हे पोरांना हातानं कळू दे. वाळूतलं बारीक सोनं धरायला पारा वापरायचे ती गोष्ट सांगा, पण पारा वर्गात आणू नका, तिथं त्या काळात वापरलेला पारा अजून नद्यांच्या गाळात आहे. आणि जुना तराजू, गुंजा मी देतो. ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा. खाणीवर औंसाला १६ डॉलरच्या आसपास मिळायचे, औंस म्हणजे पावणेतीन तोळ्याला थोडा कमी, तेवढं गणित पोरं करतील.

उसाचा_फड:
परात झाली, आता गाडीचं बोला. मैदानावर फक्कीनं १० फूट बाय ४ फूट आखा, वॅगनचा हौदा साधारण तेवढाच. एका मोठ्या माणसाला ९० किलोच्या आसपास पीठ, चौघांचं धरा, मग राहिलेल्या जागेत काय बसवायचं ते पोरांना ठरवू दे. रस्ता ३,२०० किलोमीटर, चार ते सहा महिने, आणि बहुतेकजण गाडीत बसत नव्हते, बाजूनं चालत होते. बैल दमले की चूल, कपाट, आजीची पेटी रस्त्यातच टाकायची. घोड्यापेक्षा बैल का, तर वाटेवरच्या गवतावर भागतं आणि ओढायला चिवट, हे आपल्याकडच्या पोरांना समजावून सांगावं लागत नाही.
आमच्या शिवारात हंगामाला बीडकडनं ऊसतोडीच्या टोळ्या येतात, एका गाडीत अख्खा संसार असतो. मुकादमाला आणि त्या घरच्यांना आधी विचारून पोरांना भेटवा, गाडीत काय घेतलं आणि काय मागं ठेवलं एवढंच विचारू दे. फरक मात्र सांगा, ही माणसं हंगाम संपला की गावाला परततात, तिकडची बरीचशी कायमची गेली.

जुनी_वही:
गुजरीकर आणि फडवाले, दोघांचं पटलं, पण या सगळ्या वस्तू येणाऱ्यांच्या झाल्या. तिथं आधीपासून राहणाऱ्यांचं काय? तिथल्या आदिवासी बायका इतकी घट्ट टोपली विणायच्या की तीत पाणी राहायचं, तापवलेले दगड टाकून ओकच्या फळांची पेज शिजवायच्या. कोल्हापुरात बुरुडाकडनं एक टोपली आणा, पाणी ओतून बघा, का गळतं ते पोरं शोधतील. मग सांगा, १८४८ ला दीड लाखाच्या आसपास असलेली ती माणसं १८७० पर्यंत ३० हजारांवर आली, रोगराई, उपासमार आणि सरळ सरळ कत्तली. हे गाळून गोल्ड रश शिकवूच नका.
दुसरी वस्तू कागदाची. १८५० मध्ये परदेशी खाणवाल्यांवर महिना २० डॉलर कर बसवला, त्याची पावती तयार करा आणि वर्गात काहीजणांनाच द्या. चिनी लोक त्या मुलखाला सोन्याचा डोंगर म्हणायचे, आणि ते पॅसिफिक ओलांडून पूर्वेकडं आले होते, म्हणजे सगळे पश्चिमेकडं निघाले हेही अर्धंच खरं. खाणवाल्यांची म्हणून धातूच्या रिव्हेटांची जीन्स दाखवायचा मोह होईल, पण तिचं पेटंट १८७३ चं, म्हणजे गोल्ड रशनंतरचं.

रंकाळाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज परात केली. नऊ पोरं, पाऊण तास, पाठी मोडून गेल्या, एकीनं तर पहिल्याच हिसक्याला सगळं पितळ सांडलं आणि रडायला आली. शेवटी नऊजणांचं मिळून तराजूत टाकलं तर गुंजेचं पारडं जागचं हललं नाही. मग मागच्या शनिवारी प्रश्न विचारलेला तोच पोरगा म्हणाला, बाई, मग तिथं परात विकणाऱ्याचं बरं चाललं असेल. मी पुढं काहीच सांगितलं नाही, पोरांनीच अंडी कोण विकत होतं, पीठ कोण आणत होतं असं सुरू केलं.
पुढच्या शनिवारी टोपली, त्यानंतर गाडी. जुनी_वही, पावतीचा मजकूर मराठीत लिहून द्याल का, करकरीत सरकारी भाषेत?