मुलांना घेऊन आल्प्समध्ये सायकलिंग, गाड्यांशिवाय रूट कुठला?

प्रश्न: आम्ही म्युनिकला असतो, मुलगी ९ वर्षांची, जुलैत ३-४ दिवस टूरिंग करायचंय पण हायवेच्या कडेनं नको, नदीकाठचा रूट आहे का?

उत्तर १: उत्तर इटलीतल्या आदिजे नदीची दरी करा! रेशेन तलावापासून मेरानोपर्यंत साधारण ८० किमी, १,५०० मीटरवरून ३२५ वर उतरता, बराचसा वेगळा सायकल ट्रॅक सफरचंदाच्या बागांतून जातो, आणि तलावात बुडालेल्या गावाचा चर्चचा मनोरा दिसतो तिथे नक्की थांबा.

उत्तर २: वाटेतल्या मालेस गावाच्या वरचा उतार तीव्र आहे, ब्रेक पॅड आधी बघून घ्या. मेरानोच्या पुढे बोल्झानो शहराच्याही खाली गेलात तर दुपारी ओरा नावाचा दक्षिणेकडचा वारा समोरून येतो, सकाळीच निघा.

प्रश्नकर्ती: मग मेरानोपर्यंतच करतो, खूप थँक्स!